अर्धी टेकडी विकलेलं गाव

गेल्या महिन्यात या सदरात गावठाणाच्या पांढरीबद्दल, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या टेकाडाबद्दल लिहिताना, ती माती शेतात टाकू नका असं सांगता सांगता मी एक ओझरतं वाक्य टाकलं होतं. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, फ्रीसलँड प्रांतात हेगेबाइन्टम नावाचं छोटं गाव आहे आणि त्या गावाने आपल्या पायाखालची माती खणून बोटींनी विकली, एवढंच. त्या वाक्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेते.

प्रश्न : आमच्या गावाजवळ ओढ्याच्या कडेला पांढरीचं टेकाड आहे. लोक ट्रॉलीने माती नेतात, निम्मं टेकाड संपलं. मीही चार एकरांत दहा ट्रॉल्या टाकल्या. आजोबा सांगायचे, पांढरीच्या मातीवर बिनखताचा गहू येतो. तुम्ही लिहिलेल्या परदेशी गावाने माती विकली म्हणजे ती कसदारच असणार. मग आम्ही ती टाकू नये असं का म्हणता? खापराचे रंगीत तुकडेही निघतात, त्यांचं काय करायचं?
— एक शेतकरी, संगमनेर तालुका

उत्तर : टाकू नका, हे उत्तर आधीच देऊन ठेवते. कारण मात्र त्या गावावरून जाऊनच सांगता येईल.

फ्रीसलँडचा उत्तर किनारा हा वाडन समुद्राचा काठ. हा समुद्र उथळ आहे. दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी लागते, आणि ओहोटीला मैलोन्‌मैल चिखल उघडा पडतो. आज किनाऱ्याला उंच बांध आहे. पण बांध घालायला सुरुवात झाली ती साधारण इसवी सन १००० नंतर. त्याआधी दीड हजार वर्षं माणसं तिथे बांधाशिवाय राहिली. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास गाई-मेंढ्या घेऊन लोक त्या खाजणात उतरले. गवत उत्तम, पण हिवाळ्यात वादळ आलं की सगळं पाण्याखाली. मग त्यांनी घराखालची जागा उचलायला सुरुवात केली. चिकणमातीची ढेकळं, गवताच्या मुळांसकट कापलेले थर, आणि शेण.

शेण का, हा प्रश्न मला तिथे जाईपर्यंत सुटला नव्हता. इतकं शेण असताना ते शेतात का नाही टाकलं? गरजच नव्हती. समुद्र दर हिवाळ्यात ताजा गाळ आणून टाकत होता, जमीन आपोआप पोसली जात होती. शेण उरत होतं आणि उंची हवी होती, म्हणून ते घराखाली गेलं. राख गेली, हाडं गेली, मोडकी भांडी गेली, जुन्या घरांच्या भिंती गेल्या. एकेका घराचा ओटा वाढत शेजारच्या ओट्याला भिडला आणि सगळ्यांची मिळून एक टेकडी झाली. तिला तिकडे टेर्प म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘गाव’. आपल्याकडेही जुन्या कागदांत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती. माती आणि गाव यांना एकच शब्द असलेले आपण एकटे नाही, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

रोमन लेखक थोरला प्लिनी याने पहिल्या शतकात हा किनारा पाहिला. त्याने लिहिलं ते फ्रिजियनांच्या, म्हणजे फ्रीसलँडच्या लोकांच्या, पूर्वेकडच्या शेजाऱ्यांबद्दल, चाउकी लोकांबद्दल, पण राहणी तीच. भरतीला हे लोक बोटीवरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला बुडालेल्या जहाजातून वाचलेल्यांसारखे, असं तो म्हणतो. प्यायला फक्त पावसाचं पाणी, दारापुढच्या खड्ड्यात साठवलेलं. जळणाला हाताने काढून वाऱ्यावर वाळवलेला चिखल, म्हणजे पीट. त्याला त्या लोकांची कीव आली होती. मला नाही येत. ज्यांनी समुद्राच्या पोटात शेणामातीने आपली जमीन बांधली, ते लोक दीनवाणे कसे?

तिसऱ्या-चौथ्या शतकात त्या किनाऱ्यावरचे बरेच टेर्प ओस पडले, पाचव्या शतकापासून पुन्हा वसले. हेगेबाइन्टमची टेकडी वाढत राहिली. नावातल्या ‘हेगे’चा अर्थ उंच, आणि शेवटचं ‘उम’ म्हणजे घर, वस्ती. त्या भागात असं उम-अंत्य नाव कितीतरी गावांना आहे. नेदरलँड्समधला हा सर्वांत उंच टेर्प, समुद्रसपाटीपासून ८.८ मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचवट्याला कोणी नाव ठेवणार नाही. पण तिथे चारी दिशांना ताटासारखी सपाट जमीन आहे, आणि त्यात ही टेकडी कितीतरी लांबून दिसते. माथ्यावर बाराव्या शतकातलं चर्च आहे, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचं. तो दगड जर्मनीतून, ऱ्हाईन नदीच्या बाजूने जलमार्गाने आणलेला, कारण फ्रीसलँडच्या त्या काठावर बांधकामाला दगडच नाही.

आता विक्रीची गोष्ट. बांध झाले, टेकडीवर राहायची सक्ती संपली. एकोणिसाव्या शतकात कोणाच्या तरी लक्षात आलं की टेर्पची माती वालुकामय आणि पीटच्या हलक्या जमिनीत टाकली की पीक जोमाने येतं. साधारण १८४०पासून शंभरेक वर्षं हा धंदा चालला. मजूर फावड्याने टेकडी कापत, ढकलगाडीने माती खाली आणत, आणि मुद्दाम खणलेल्या कालव्यात उभ्या असलेल्या सपाट बुडाच्या बोटींत भरत. टेकडीचा मालक शेतकरी, विकणारा तोच. फ्रीसलँडमध्ये लहानमोठे हजाराच्या आसपास टेर्प होते, त्यांतले शेकडो या धंद्यात कमीजास्त कापले गेले, काही तर जमिनीसपाट झाले. हेगेबाइन्टमची पाळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला आली. चर्च आणि दफनभूमीपाशी येऊन फावडी थांबली, म्हणून तेवढा माथा राहिला.

मी गेले होते एका सप्टेंबरात, भाचीबरोबर. खालच्या रस्त्यावरून पायऱ्यांनी वर चढायचं. कापलेल्या अंगाला उतार इतका उभा आहे की चर्च कड्यावर बसल्यासारखं वाटतं. पण मी माणूस मातीचा, माझं लक्ष खाली. उतारावरच्या गवतात मोल नावाच्या बिळकऱ्या प्राण्याने मातीच्या ताज्या ढिगुल्या काढल्या होत्या. एका ढिगुलीतली चिमूट मी तळहातावर घेतली. राखट करडा रंग, दाबली तर भुसभुशीत, आणि आत तीन वस्तू : शिंपल्याचा नखाएवढा पांढरा तुकडा, भाजलेल्या मातीचा तांबडा खडा, आणि कोळशाचा कण, जो बोटाने चुरला गेला. मी तशीच उभी राहिले. आमच्या गावच्या पांढरीची माती हातात घेतली की अगदी असंच दिसायचं, फक्त शिंपल्याच्या जागी चुनखडीचा खडा.

आणि आता तुमच्या शेताचं. टेर्पच्या मातीत दोन गोष्टी होत्या : शिंपल्यांचा आणि समुद्री गाळाचा चुना, आणि शेणाहाडांतला स्फुरद. ती गेली आम्लधर्मी जमिनींत. तिथे चुन्याने सामू सुधारला आणि स्फुरद पिकाला मिळाला. तुमची जमीन प्रवरेकाठची काळी, तिचा सामू बहुतेक आठच्या वर, आणि चुनखडी आधीच भरपूर. तिला आणखी चुना देऊन काय साधणार? पांढरीतला स्फुरदही चुनखडीशी बांधला जातो आणि पिकाच्या मुळांना फारसा मिळत नाही. वर जुन्या गावठाणाच्या मातीत विद्राव्य क्षार असतात, शेकडो वर्षांचं गुरांचं मूत आणि राख त्यात मुरलेली. पाटपाण्याच्या शेतात असे क्षार वाढलेले कोणालाच परवडत नाहीत. आजोबांचा गहू खोटा नव्हता. त्या काळी शेतात दुसरं काही पडतच नव्हतं, तेव्हा थोड्याशा नत्र-पालाशाचाही फरक दिसायचा. आज माती परीक्षण करून घ्या, शेणखत नसेल तर ताग किंवा धैंचा पेरून हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडा, स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा. दहा ट्रॉल्यांच्या डिझेलमध्ये हे सगळं होतं.

मला हे लिहिताना जड जातं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावोगाव फिरताना मी स्वतः शेतकऱ्यांना सांगितलं आहे, की पांढरीची माती न्या, फुकटचं खत आहे. वहीत लिहून दिलं आहे. माझ्या माहेरचं टेकाड माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी बैलगाडीने वाहिलं, मी गाडीवर बसून गेले आहे. त्या जागी आता सपाट कांद्याचं शेत आहे. मला कोणी तेव्हा अडवलं नाही, म्हणून मी तुम्हाला अडवते आहे.

तुमच्या तालुक्यात जोर्वे आहे. तिथे १९५०-५१मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं आणि तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी असलेल्या खापरांना त्या गावाचं नाव मिळालं. ही संस्कृती तीन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे हेगेबाइन्टमच्या पहिल्या ओट्याहूनही जुनी. तुम्हाला सापडणारे तुकडे तांबडे असतील, त्यांवर काळ्या रेघा, जाळी, त्रिकोण असतील, किंवा एखादी तोटी असेल, तर थांबा. इनामगावला याच संस्कृतीची घरं उघडी झाली तेव्हा जमिनीखाली लहान मुलं पुरलेली मिळाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत. ट्रॉलीत माती भरताना असा रांजण फुटला तर कोणाला कळतही नाही. हेगेबाइन्टमलाही माती काढता काढताच मध्ययुगाच्या आरंभीची दफनं लागली. काही वस्तू लेवार्डन शहरातल्या संग्रहालयात पोचल्या, पण कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणाशेजारी होती, हे बोटीबरोबर निघून गेलं.

तेव्हा तुकडे जिथे आहेत तिथेच राहू द्या. एखादा वर पडलेला असेल तर शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा, ग्रामपंचायतीला आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. नाणी किंवा धातूच्या वस्तू निघाल्या तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार त्या जिल्हाधिकाऱ्यांना कळवाव्या लागतात, गुपचूप सराफाकडे नेता येत नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे बावीस संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत. यातला ‘एफ’ म्हणजे फ्रिजियन. तुमच्या त्या गावातलीच का ही गाय? आणि तिथे ती जेवढं दूध देते तेवढं इथे का देत नाही?
— एक दूध उत्पादक, फलटण

उत्तर : हो, हाच तो मुलूख. टेर्पच्या काळातली घरं लांबट असायची, एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गोठा, एकाच छपराखाली. टेकडीतलं शेण त्या गोठ्यांचं. त्या गाई मात्र बुटक्या होत्या, आजच्या एचएफच्या खांद्यालाही न पोचणाऱ्या, आणि काळ्या-पांढऱ्याही नव्हत्या. अठराव्या शतकापर्यंत फ्रीसलँडमध्ये तांबड्या-पांढऱ्या गाई जास्त होत्या. बुळकांडीच्या साथींनी गोठेच्या गोठे रिकामे केले, आणि त्या जागी डेन्मार्क, उत्तर जर्मनीकडची काळी-पांढरी जनावरं आली. १८७९मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी वंशावळीची नोंदवही सुरू केली. तिला ७५ वर्षं झाली तेव्हा, १९५४मध्ये, प्रांताच्या राजधानीत, लेवार्डनला, गाईचा मोठा पुतळा बसवला. त्याचं फ्रिजियन भाषेतलं नाव ‘उस मेम’, म्हणजे ‘आमची आई’. मी त्या पुतळ्यापाशी उभी होते तेव्हा एक आजोबा सायकलवरून जाताना त्याच्याकडे बघून टोपीला हात लावून गेले. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

एकोणिसाव्या शतकात या गाई अमेरिकेत गेल्या, तिथे दुधासाठी निवड करून त्यांची आजची जात घडली. आपल्याकडे महाराष्ट्रात ती मुख्यतः गोठवलेल्या रेतमात्रांतून आली. १९६७मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेचं त्यातलं काम मोठं आहे.

दुधाचं म्हणाल तर फरक वाऱ्याचा आहे. फ्रीसलँडमध्ये भर जुलैत सरासरी तापमान १७-१८ अंश. समुद्रावरून सतत वारा, पायाखाली हिरवं गवत. फलटणच्या एप्रिलमध्ये तीच गाय धापा टाकते, आणि धापणारी गाय वैरण कमी खाते, म्हणून दूध पडतं. मुक्तसंचार गोठा करा, उंच छप्पर आणि झाडाची सावली द्या, मुख्य वैरण पहाटे आणि रात्री टाका, पाणी सावलीत ठेवा. पन्नास टक्क्यांच्या वर एचएफ रक्त नेऊ नका, असं मी माझ्या भावालाही सांगते. तो ऐकत नाही, आणि दर उन्हाळ्यात त्याची एक तरी गाय आजारी पडते.

प्रश्न : माझी मुलगी ग्रोनिंगनला असते, आम्ही दोघं मे महिन्यात जातोय. हेगेबाइन्टम बघण्यासारखं आहे का? जवळपास आणखी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : अवश्य जा, पण मोठं काही बघायला जातोय असं समजू नका. गाव शंभरेक माणसांचं. लेवार्डनच्या उत्तरेला, मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. टेकडीच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे. चर्च उघडं मिळेल अशी वेळ आधी विचारून घ्या, कारण आतले सोळा लाकडी शोकफलक चुकवू नयेत. सरदार घराण्यातलं माणूस गेलं की त्याच्या स्मरणार्थ घराण्याच्या चिन्हांसह कोरलेला फलक भिंतीवर लावत. पहिला १६८९चा, शेवटचा १९०६चा. काहींवर कवट्या आणि वाळूची घड्याळं कोरलेली आहेत. फलकांवरची घराणी जवळच्या हार्स्टा स्टेट या वाड्यातली. मी त्या खोल शांततेत दोन सुट्ट्या घालवल्या असत्या, पण भाचीला गाडी परत द्यायची होती.

मुलगी ग्रोनिंगनला आहे म्हणून तिच्या बाजूचं एझिंगाही सांगते. फान गिफेन नावाच्या पुरातत्त्वज्ञाने १९२३ ते १९३४ या काळात तिथला टेर्प थरांची नोंद ठेवत खणला. ओल्या शेणात काठ्यांच्या विणलेल्या भिंती आणि गोठ्यांचे कप्पे फूट-फूट उंच शाबूत मिळाले. पांढरीवाल्या शेतकरी वाचकांनी हे वाचावं, कारण हेगेबाइन्टमच्या बोटींतून हेच गेलं.

एक दिवस शिल्लक असेल तर हेगेबाइन्टमच्या पूर्वेकडे समुद्राला लागून मोडरखाट हे कोळ्यांचं गाव आहे, शेजारच्या पेझेन्सला जोडलेलं. १८८३च्या मार्चमध्ये, ५ आणि ६ तारखेच्या रात्री, वादळात त्या जोडगावच्या बावीस बोटींपैकी सतरा बुडाल्या आणि ८३ माणसं गेली. बांधावर स्मारक आहे, कोळ्यांच्या छोट्या घरांत संग्रहालय आहे. आमच्या शेजारच्या आजी वर्सोव्याच्या. मी त्यांना ही तारीख सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं मासे निवडणं थांबवून विचारलं, “बायकांनी पुढे काय केलं?” संग्रहालयात त्या विधवांसाठी देशभरातून जमवलेल्या मदतीची माहिती आहे. तेवढी मात्र नक्की वाचून या.

मे महिना म्हणजे उन्हाळा असं समजून जाऊ नका. बांधावर वारा अंग ढकलतो. कानटोपी, वाऱ्याचं जाकीट, आणि चिखलाला चालतील असे बूट बरोबर ठेवा.